पडद्यावरचा जिवतीचा माणूस

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

निवडणूक आली की जिवती तालुक्यातल्या काही गावांत दूरचित्रवाणीच्या गाड्या येतात. महाराजगुडा, मुकादमगुडा, परमडोली, अंतापूर, येसापूर अशी चौदा गावे. महाराष्ट्र म्हणतो ही आमची, तेलंगण म्हणते ही आमची. गावात दोन्ही राज्यांच्या शाळा, दोन्ही राज्यांची रेशनकार्डे आणि दोन मतदार ओळखपत्रे. २०१९ साली लोकसभेसाठी चंद्रपूर आणि आदिलाबाद या दोन्ही मतदारसंघांत एकाच दिवशी, ११ एप्रिलला मतदान झाले. २०२४ साली चंद्रपूरचे मतदान १९ एप्रिलला आणि आदिलाबादचे १३ मे रोजी होते. कॅमेऱ्यासमोर गावकरी हातात दोन कार्डे धरून उभा राहतो, निवेदक आश्चर्य व्यक्त करतो आणि दीड-दोन मिनिटांत बातमी संपते. गाडी डोंगर उतरून राजुऱ्याकडे निघून जाते.

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ही चौदा गावे रीतसर राज्यात घेण्याची प्रक्रिया सुरू करत असल्याचे जाहीर केले. तेव्हाही पडद्यावर तीच दोन कार्डे दिसली. मला तेव्हा एक प्रश्न पडला. या माणसाचे नाव काय, तो या डोंगरावर कधी आला, त्याच्या घरात कोणती भाषा बोलतात, त्याचा आजा कुठे पुरला किंवा जाळला आहे, यांपैकी काहीच त्या दीड मिनिटात कळत नाही. पडद्यावर तो दिसतो, पण दोन कार्डे धरणारा हात म्हणूनच. आज आपण याच गोष्टीचा थोडा इतिहास पाहू. सिनेमा आणि टीव्हीच्या पडद्यावर जिवतीच्या डोंगरावरचा माणूस आजवर कसा आला, कोणी आणला आणि कोण अजून आलाच नाही?

दोन वाटांनी आलेली माणसे

आधी हा मुलूख समजून घ्यावा लागेल. जिवती हा चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा, माणिकगडच्या डोंगररांगेवरचा तालुका. पूर्वी हा सगळा भाग राजुरा तालुक्यात होता आणि राजुरा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा राजुरा तालुका आदिलाबादमधून निघून त्या वेळच्या मुंबई राज्यात आला. आधी तो नांदेड जिल्ह्यात घातला गेला आणि १९५९ साली चांदा जिल्ह्याला जोडला गेला. म्हणजे माणूस जागचा हलला नाही, तरी तीन वर्षांत त्याचा जिल्हा दोनदा बदलला.

इथले जुने रहिवासी गोंड, कोलाम आणि गोंडांची वंशगाथा सांगणारे परधान. गोंडी आणि कोलामी या दोन्ही द्राविड कुळातल्या भाषा. २०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे देशभरात सुमारे २९ लाख ८४ हजार होते. जिवतीचा गोंड घरात गोंडी बोलतो, बाजारात मराठी आणि सीमेपलीकडच्या सोयऱ्याकडे गेला की तेलुगूही बोलतो.

दुसरी माणसे आली ती मराठवाड्यातून. १९७२ चा दुष्काळ आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. विहिरी आटल्या, गुरे कवडीमोलाने गेली, खडी फोडायच्या कामावर माणसांच्या रांगा लागल्या आणि रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळू लागली. त्या दिवसांत आणि त्यानंतर नांदेड, परभणी आणि तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेल्या लातूरच्या भागांतून कित्येक कुटुंबे या डोंगरावर आली. मातंग, बंजारा, मराठा, मुसलमान, बौद्ध अशा सगळ्या समाजांतली माणसे त्यांत होती. डोंगरावर पाऊस होता, जमीन होती आणि अडवणारे फारसे कोणी नव्हते. त्यांनी झाडी काढली, धोंडे वेचले, कापूस आणि ज्वारी पेरली. आज त्यांची तिसरी पिढी इथे आहे.

गोंड-कोलामांच्या बाजूने पाहिले तर हीच गोष्ट वेगळी दिसते. ज्या रानात आपण डिंक, मोहफुले, बांबू आणत होतो ते रान आखडत गेले, अशी त्यांची तक्रार आहे आणि ती खोटी नाही. भुकेने आलेला माणूस आणि त्याच्या येण्याने मागे सरकलेला माणूस, असे दोघेही या डोंगरावर शेजारी राहतात. जिवतीची खरी गोष्ट या शेजाराची आहे. पडद्याने यातली कोणती बाजू पाहिली, ते आता बघू.

कॅमेरा पहिल्यांदा डोंगरावर आला

या डोंगररांगेतल्या गोंडांचे पहिले महत्त्वाचे चित्रण एका परदेशी माणसाने केले. त्याची कथा सुरू होते जोडेघाटला. जोडेघाट हे आज तेलंगणाच्या केरामेरी मंडलात आहे आणि चौदा गावांवर दावा सांगणारे मंडलही तेच. तिथे कोमरम भीम या गोंड तरुणाने जंगल आणि जमिनीच्या हक्कासाठी निजामाच्या अधिकाऱ्यांविरुद्ध लोक उभे केले. १९४० साली पोलिसांच्या गोळीबारात तो मारला गेला. भीम तरुणपणी फरार असताना काही काळ चंद्रपुरात एका छापखान्यात राहिला आणि तिथे लिहायला-वाचायला शिकला, असे त्याच्या कथेत सांगितले जाते. ते खरे धरले तर जल, जंगल, जमीन म्हणणाऱ्या या माणसाची अक्षरओळख आपल्या चंद्रपुरात झाली.

भीम मारला गेल्यावर निजाम सरकारला वाटले की ही माणसे का चिडली हे एकदा समजून घ्यावे. त्यासाठी क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला नेमले गेले. दुसरे महायुद्ध सुरू होते, त्याच्याकडे जर्मनीचा पासपोर्ट होता, त्यामुळे इंग्रजांच्या दृष्टीने तो शत्रुराष्ट्राचा नागरिक आणि त्याला हैदराबाद संस्थानातच राहणे भाग होते. तो आणि त्याची पत्नी बेटी मारलवाई या गोंड खेड्यात कुडाच्या घरात राहिले. गोंड मुलांसाठी शाळा निघाल्या आणि गोंडीतली पुस्तके देवनागरी लिपीत छापली गेली. गोंडांना जमिनीचे पट्टे द्यावेत म्हणून त्याने सरकारकडे आग्रह धरला. १९४८ साली त्याचा आदिलाबादच्या राजगोंडांवरचा ग्रंथ निघाला. त्याने काढलेली छायाचित्रे आणि चित्रफिती आज लंडन विद्यापीठातल्या पौर्वात्य विद्येच्या संस्थेच्या संग्रहात आहेत. बेटी १९८७ साली वारली. तिची समाधी मारलवाईत आहे आणि पुढे त्याच्याही अस्थी तिथेच आणल्या गेल्या.

हा माणूस गोंडांचा मित्र होता यात शंका नाही. पण त्याच्या कॅमेऱ्यासमोरचा गोंड हा अभ्यासाचा विषय होता. कोणाचे चित्र घ्यायचे, कुठे थांबायचे, त्याखाली काय लिहायचे हे सारे हायमेनडॉर्फ ठरवत होता. चित्रे लंडनला गेली आणि ज्यांची चित्रे होती त्यांच्या नातवंडांना ती पाहायला मिळायला कितीतरी वर्षे लागली.

नायक झालेला भीम

पुढे भीम सिनेमात आला. दिग्दर्शक अल्लाणी श्रीधर यांनी १९९० च्या सुमारास त्याच्यावर तेलुगू चित्रपट केला. त्या चित्रपटाला आंध्र सरकारचे पुरस्कार मिळाले, पण तो सर्वसाधारण प्रेक्षकांसाठी चित्रपटगृहात लागायला २०१० साल उजाडले. वीस वर्षे चित्र तयार आणि पडदा मात्र रिकामा.

त्यानंतर २०२२ च्या मार्चमध्ये एस. एस. राजामौली यांचा 'आरआरआर' आला. ज्युनिअर एन. टी. रामाराव त्यात भीम झाले. हा भीम १९२० च्या सुमाराला दिल्लीत येतो आणि इंग्रज गव्हर्नरने पळवून नेलेली आपल्या जमातीची मुलगी सोडवतो. वाघाशी झुंजतो, पुलावरून उडी घेतो, मित्रासोबत नाचतो. त्या नाचाच्या गाण्याला २०२३ साली ऑस्कर मिळाले. आपण काल्पनिक कथा सांगतो आहोत, हे चित्रपटकर्त्यांनी आधीच सांगितले होते, त्यामुळे इतिहासाच्या चुका काढण्यात अर्थ नाही. पण तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. खऱ्या भीमाचे भांडण निजामाच्या कारभाराशी होते, पडद्यावरच्या भीमाचे इंग्रजांशी आहे. खऱ्या भीमाचे भांडण जमिनीसाठी होते, पडद्यावर जमिनीचा प्रश्न मागे पडतो. आणि खऱ्या भीमाची भाषा गोंडी होती, पडद्यावरचा भीम तेलुगू बोलतो आणि आपण तो हिंदीत पाहतो.

२०२० साली चित्रपटाची पहिली झलक आली तेव्हा भीमाच्या डोक्यावर टोपी आणि डोळ्यांत सुरमा पाहून आदिलाबादचे तेव्हाचे खासदार सोयम बापूराव यांनी हरकत घेतली. ते स्वतः गोंड. वाद पुढे राजकारणाच्या वाटेने गेला. मला त्यामागची साधी तक्रार महत्त्वाची वाटते. आमचा माणूस कसा दिसावा हे ठरवताना आम्हाला विचारले का?

आपल्या बाजूच्या वनजिल्ह्यांवरही चित्रपट झाले. २०१४ साली समृद्धी पोरे यांनी डॉ. प्रकाश आमटे यांच्यावर चित्रपट केला. नाना पाटेकर आणि सोनाली कुलकर्णी त्यात होते. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाचे १९७३ पासूनचे काम मोठेच आहे. तरी पडद्यावरचा माडिया गोंड हा रुग्ण म्हणून येतो, कथा डॉक्टरांची असते. २०१७ साली अमित मसुरकर यांचा 'न्यूटन' आला. छत्तीसगडच्या जंगलातले एक मतदान केंद्र हा त्याचा विषय. त्यात माल्को ही गोंडी बोलणारी शिक्षिका आहे आणि साहेबांना जे दिसत नाही ते तिला दिसते. त्या चित्रपटात गोंडी ऐकू येते, हे त्याचे मोठेपण. माल्कोची भूमिका केली होती नाशिकच्या अंजली पाटील यांनी, आणि ती उत्तम केली. तरीही विचारावेसे वाटते की माल्कोच्या गावची मुलगी माल्को कधी होणार?

ऑस्ट्रेलियातले ग्रीक

आता तुम्हाला थोडे दूर नेतो, कारण तिथे आपल्यासारखीच एक गोष्ट घडून गेली आहे आणि तिचा शेवट पाहायला मिळतो.

दुसरे महायुद्ध आणि त्यामागोमाग झालेले यादवी युद्ध यांनी ग्रीस देश मोडून गेला होता. १९५२ साली ऑस्ट्रेलियाने ग्रीसशी करार केला आणि प्रवासखर्चाला मदत देऊन ग्रीक कामगार बोलावले. पुढच्या वीस वर्षांत लाखाहून अधिक ग्रीक तिथे गेले. मेलबर्नच्या कारखान्यांत राबले, गावोगाव कॅफे आणि तळलेल्या माशांची दुकाने चालवू लागले. गोऱ्या ऑस्ट्रेलियनांनी त्यांना आणि इटलीच्या लोकांना 'वॉग' हे नाव दिले. ती शिवी होती. मुलांना शाळेत ती ऐकावी लागे.

पडद्यावर ही माणसे कशी आली? १९६६ साली नव्याने आलेल्या एका इटालियनाच्या फजितीवर चित्रपट निघाला. तो ज्या गाजलेल्या पुस्तकावर होता ते १९५७ चे पुस्तक इटालियन नाव घेऊन एका गोऱ्या ऑस्ट्रेलियनानेच लिहिले होते. म्हणजे आलेल्या माणसाच्या तोंडी बोलणाराही तो नव्हताच. १९८० ते १९८४ या काळात 'किंग्जवूड कंट्री' नावाची विनोदी मालिका चालली. तिच्यातला गोरा सासरा आपल्या इटालियन जावयाचा सतत पाणउतारा करी. तो इटालियन जावई झाला होता लेक्स मॅरिनोस, वाग्गा वाग्गा गावात कॅफे चालवणाऱ्या ग्रीक कुटुंबातला मुलगा. पडद्याला ग्रीक काय आणि इटालियन काय, सारखेच. दुसऱ्या बाजूला 'मॅड मॅक्स'सारखा जगभर गाजलेला चित्रपट १९७९ साली करणारा जॉर्ज मिलर हा किथेरा बेटावरून आलेल्या ग्रीकाचा मुलगा. त्याच्या त्या चित्रपटात ग्रीक असे काही नाही. गुणी माणूस आधी दुसऱ्यांच्या गोष्टी सांगूनच पुढे जातो, हे आपल्याकडेही दिसते.

बदल सुरू झाला तो नाटकापासून. १९८७ साली निक जियानोपुलोस या ग्रीक आईबापांच्या मुलाने आपल्यासारख्याच परक्या घरांतल्या सोबत्यांना घेऊन मेलबर्नमध्ये एक विनोदी प्रयोग उभा केला आणि त्याच्या नावातच 'वॉग' ही शिवी घेतली. जी शिवी आम्हाला देता ती आता आमच्या तिकिटावर वाचा, असा तो बाणा होता. प्रयोग तुफान चालला. त्यातून १९८९ साली 'अॅक्रोपोलिस नाऊ' ही मालिका निघाली आणि १९९२ पर्यंत चालली. एका ग्रीक कॅफेतली तरुण मुले, त्यांचे मोडकेतोडके आणि ठसकेबाज इंग्रजी, त्यातली एफी ही केसांचा मोठा डोलारा मिरवणारी मुलगी. टीकाही झाली की ही स्वतःचीच थट्टा आहे. पण ती थट्टा आता घरातली माणसे करत होती.

थट्टेनंतर गंभीर बोलणे आले. १९९८ साली आना कोकिनोस या ग्रीक वंशाच्या दिग्दर्शिकेने क्रिस्टोस चोल्कास याच्या कादंबरीवर 'हेड ऑन' हा चित्रपट केला. घर, रूढी आणि स्वतःचे मन यांच्या ओढाताणीत सापडलेला एक ग्रीक तरुण त्यात आहे. त्याच लेखकाच्या २००८ च्या 'द स्लॅप' या कादंबरीवर २०११ साली आठ भागांची मालिका झाली. तिचा एक भाग मानोलिस या म्हाताऱ्या ग्रीक बापाचा आहे. तो झाला होता कोण? तोच लेक्स मॅरिनोस. तिशीत ज्याने टोमणे खाणारा इटालियन जावई केला, त्याला आपल्या माणसांतला म्हातारा होऊन पडद्यावर यायला जवळजवळ तीस वर्षे लागली. २०२४ साली तो वारला.

या इतिहासातला क्रम पाहा. आधी दुसऱ्यांनी केलेली नक्कल, मग आपल्या माणसाने केलेली दुसऱ्यांची भूमिका, मग रंगमंचावर आपल्याच बोलीतला विनोद आणि शेवटी पडद्यावर आपले दुखणे. चित्रपटाला पैसा लागतो, परवानगी लागते. रंगमंचाला चार सोबती आणि एक रात्र पुरते. म्हणून वाट तिथून फुटली.

आपल्याकडची वाट

मराठीतही हा क्रम ओळखू येतो. १९७७ चा जब्बार पटेल यांचा 'जैत रे जैत' ठाकर समाजावरचा. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, ना. धों. महानोरांची गाणी, स्मिता पाटील आणि मोहन आगाशे यांचा अभिनय. चित्रपट अजून डोळ्यांसमोर येतो. पण सांगणारे सगळे ठाकरवाडीबाहेरचे. पुढे २०१३ मध्ये नागराज मंजुळे यांनी 'फँड्री' केला तेव्हा काहीतरी बदलले. करमाळ्याकडचा हा दिग्दर्शक गावकुसाचे जगणे स्वतः जगलेला. कथेतले घर कैकाडी समाजाचे, आणि त्या घरात माणसे कैकाडी बोलीत बोलतात. २०१६ च्या 'सैराट'ने तर करमाळ्याची बोली महाराष्ट्रभर पोचवली आणि नवखी मुले घरोघरी माहीत झाली. बोली शुद्ध करून घ्यावी लागत नाही, प्रेक्षक ती ऐकायला येतो, हे तेव्हा सिद्ध झाले.

आपल्या जिल्ह्यांच्या पूर्वेकडे झाडीपट्टीची रंगभूमी आहे. वडसा-देसाईगंज हे तिचे केंद्र. दिवाळीपासून होळीपर्यंत मंडईच्या आणि शंकरपटाच्या निमित्ताने रात्र-रात्र नाटके चालतात आणि त्यावर कित्येक कलावंतांची चूल पेटते. याच रंगभूमीवर आयुष्य घातलेले गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. २०२२ साली तृषांत इंगळे यांचा 'झॉलीवूड' हा चित्रपट आला, तो झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांवरच होता आणि त्यात तिथल्याच कलावंतांनी कामे केली. 'न्यूटन'चे मसुरकर त्याच्या पाठीशी उभे राहिले. मेलबर्नला जे नाटकातून झाले तेच वडशाला नाटकातून झाले. बोली असलेला रंगमंच आधी होता, कॅमेरा नंतर आला.

जिवती मात्र झाडीपट्टीत मोडत नाही. मग जिवतीकडे स्वतःचे काय आहे? गोंडांकडे पुष्कळ आहे. परधान किंगरी वाजवत देवांच्या आणि कुळांच्या कथा सांगतो. दिवाळीच्या दिवसांत दंडारी निघते, मोरपिसांचा टोप घातलेले गुसाडी गावोगाव नाचत जातात. मारलवाईचे कनकराजू यांना या गुसाडी नृत्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ते वारले. पौष महिन्यात याच सीमेवरच्या जंगुबाईच्या गुहेत जत्रा भरते आणि महाराष्ट्र, तेलंगणचे गोंड तिथे एकत्र जमतात. देवीला दोन राज्ये माहीत नाहीत. टीव्हीवर गुसाडी दिसतो तो सरकारी सोहळ्यात, पाहुण्यांच्या स्वागताला. त्याच्या पिसांच्या टोपामागे एक शेतकरी आहे, त्याच्या जमिनीचा सातबारा कोणाच्या नावावर आहे, हे कॅमेरा विचारत नाही.

जे अजून आलेच नाहीत

आणि मराठवाड्यातून आलेली माणसे? १९७२ च्या दुष्काळाचा उल्लेख आपल्या कथा-कादंबऱ्यांत येतो. पण दुष्काळातून उठून माणिकगडच्या डोंगरावर गेलेल्यांचे पुढे काय झाले, ही गोष्ट आपल्या गाजलेल्या मराठी चित्रपटांत किंवा मालिकांत सापडत नाही. ते ना आदिवासी म्हणून दिसतात, ना मराठवाड्याचे म्हणून. पडद्यावर त्यांची एकच ओळख उरली आहे: दोन मतदार कार्डे.

पडद्यावर नसल्याने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. बिघडते ते सांगतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार आदिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. बिगर-आदिवासींना मात्र त्या तारखेआधीचा तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास दाखवावा लागतो. १९७२ नंतर आलेल्या माणसाला हे कसे जमणार? आयुष्य ज्या शेतात गेले ते कागदावर अजून जंगलच राहते. बंजारा कुटुंबाची तर वेगळीच तऱ्हा. तेलंगणात तो समाज १९७६ पासून अनुसूचित जमातीत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातीत. एकाच गावात, एकाच घरात, कार्ड कोणते दाखवले यावर माणूस कोण हे ठरते. हे प्रश्न सिनेमा सोडवत नाही. ते सरकारदरबारी आणि न्यायालयातच सुटायचे. पण ज्याची गोष्ट लोकांना माहीत असते त्याचा अर्ज वाचताना अधिकाऱ्याला माणूस दिसतो. ज्याची गोष्टच नाही, तो अतिक्रमणधारक या एका शब्दात संपतो.

गोंड-कोलामांच्या बाजूनेही हेच. भीम मोठ्या पडद्यावर वाघाशी झुंजला म्हणून जिवतीच्या कोलाम गुड्यावर पाणी आले नाही. उलट एक धोका आहे. आदिवासी म्हणजे पडद्यावरचा तो बलदंड वीर, असे चित्र डोळ्यांत बसले की शेजारचा, चष्मा लावलेला, शाळेत मराठी शिकवणारा गोंड मास्तर कोणाच्या कल्पनेत बसत नाही.

म्हणून मला वाटते की जिवतीची गोष्ट सांगायची तर ती दोघांची मिळून सांगावी लागेल. रान आखडल्याचे दुःख आणि भाकरीसाठी रान तोडल्याचे दुःख, ही दोन्ही एका बांधावर आमनेसामने उभी आहेत. एकालाच घेतले तर दुसरा खलनायक होतो. बाहेरून आलेल्या दिग्दर्शकाला तो मोह होणारच, कारण त्याला दोन तासांत गोष्ट संपवायची असते. आतल्या माणसाला तो मोह कमी होईल, कारण त्याला उद्या सकाळी त्याच बांधावर जायचे आहे.

आज जिवतीच्या बाजारात कोणत्याही तरुणाच्या खिशात कॅमेरा आहे. तो त्यावर गाणी बनवतो, नाचाच्या चित्रफिती पाठवतो. त्याला माझी एकच विनंती आहे. १९७२ साली जी बाई विशीत होती ती आज सत्तरी ओलांडून गेली आहे. कोणत्या गावाहून निघालात, गाडीत काय काय भरले होते, वाटेत कोणी भाकर दिली, इथे आल्यावर पहिल्या रात्री कुठे निजलात, हे तिला विचारा. तिच्याच बोलीत सांगू द्या. मधे बोलू नका. आणि शेजारच्या गुड्यावर जाऊन गोंड किंवा कोलाम आजोबांना विचारा की ही माणसे आली तेव्हा तुम्हाला काय वाटले होते. तेही त्यांच्या भाषेत.

हे काम थांबवून ठेवण्यासारखे नाही. ही सत्तरीची माणसे एकेक करून जात आहेत, आणि त्यांच्याबरोबर जाईल ते पुढे कोणत्याही दिग्दर्शकाला कितीही पैसा ओतून परत आणता येणार नाही. पुढच्या निवडणुकीला टीव्हीची गाडी येईल तेव्हा कार्डे दाखवायला हरकत नाही. पण त्याआधी निवेदकाला म्हणावे, बसा जरा, पाणी घ्या, आमची गोष्ट दीड मिनिटात होणारी नाही.